वारा आणि गारठ्यात चालणारा कॅम्पिंग स्टोव्ह कसा निवडायचा: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम होता, कोकणकड्यापासून थोडं आत तंबू लावले होते, आणि सकाळी सहाला चौघांचा चहा ठेवला तो सव्वासात वाजले तरी पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे येण्यापलीकडे काही होईना. स्टोव्ह नवा, गॅसचा डबा नवा, ज्योत डोळ्यांना दिसत होती, फुरफुर आवाजही येत होता, पण वारा ती ज्योत पातेल्याखालून ओढून बाजूला नेत होता आणि सगळी आच हवेत जात होती. शेवटी डबा संपला आणि आम्ही दूध पावडर घातलेलं कोमट पाणी प्यायलो. आमच्यातल्या एकाला रात्रभर हुडहुडी भरली होती, त्याच्या पोटात त्या वेळी काहीतरी गरम जाणं खरंच गरजेचं होतं आणि ते आम्हाला जमलं नाही, हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून कुणी नवीन माणूस विचारायला आला की कुठला स्टोव्ह घेऊ, तर मी आधी एकच सांगतो. बॉक्सवर ३००० वॅट, ३५०० वॅट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते विसरा. तो आकडा बंद खोलीतला आहे. आपल्याला बघायचंय ते वाऱ्यात त्यातली किती आच पातेल्यापर्यंत पोचते आणि थंडीत डब्यातून गॅस बाहेर येतो की नाही, बस.

पायरी १: आधी तुमचा त्रास कुठला ते ठरवा, वारा की थंडी

हे दोन वेगळे त्रास आहेत आणि दोघांवरचा उपाय वेगळा आहे. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण ५ ते १२ डिग्रीत फिरतो, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला एखाद्या पहाटे दवाचं बर्फ झाल्याची बातमी येते, पण एकूण आपल्याकडे गोठवणारी थंडी नाही. आपल्याकडे आहे तो वारा. घाटमाथ्याच्या कड्यांवर, खिंडीत, माच्यांच्या टोकाला तो रात्रंदिवस भणाणत असतो. म्हणजे फक्त सह्याद्रीत फिरणार असाल तर पैसे वाऱ्यावर खर्च करा.

हिमालयात हे उलटं होत नाही, तिथे दोन्ही एकदम येतात. केदारकांठाला डिसेंबरात गेलात, स्पिती-लडाखला थंडीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः कॅम्पिंग करायला गेलात, तर रात्री शून्याच्या १० डिग्री खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. एजन्सीबरोबर जाणाऱ्यांचं जेवण किचन टेंटमध्ये मोठ्या सिलिंडरवर होतं, त्यांना हा लेख लागणार नाही, पण आता स्वतःचा तंबू आणि स्वतःची सॅक घेऊन जाणारी मुलंमुली खूप वाढली आहेत आणि त्यांतले बरेच जण लोणावळ्याला चाललेला स्टोव्ह तसाच उचलून मनालीला घेऊन जातात. म्हणून पुढची पायरी नीट वाचा.

पायरी २: स्टोव्हच्या आधी गॅस समजून घ्या

डब्यात जे असतं ते दाबाखाली द्रव झालेलं असतं, वर त्याची वाफ साठते आणि ती वाफ आपण जाळतो. आता तो द्रव थंडीत उकळायलाच तयार नसेल तर वाफ येणार कुठून. साधा ब्युटेन उणे अर्ध्या डिग्रीच्या खाली उकळत नाही, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की निम्मं काम झालं.

आता हे बघा, बाहेर ५ डिग्री आहे म्हणून तुम्ही म्हणाल की ब्युटेनला चालेल की, शून्याच्या वर आहे. पण ५ डिग्रीला त्या डब्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम थोडासाच जास्त असतो, आणि शिवाय वाफ होताना द्रव स्वतःच थंड होत जातो, म्हणजे स्टोव्ह चालू असताना डबा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. १० मिनिटं मोठ्या आचेवर चालवून डब्याला हात लावून बघा, बाहेरून दव धरलेलं असतं, कधी पातळ बर्फही. म्हणून जानेवारीच्या पहाटे गडावर, थर्मामीटर शून्याच्या बराच वर असताना, डबा हलवला तर आत द्रव खळखळतोय आणि ज्योत मात्र समईएवढी, असं होतं. गॅस संपला म्हणून लोक तो डबा टाकून देतात, तो संपलेला नसतो.

दुकानात दोन प्रकारचे डबे दिसतील. एक लांबुळका, डास मारायच्या स्प्रेच्या डब्यासारखा, साधारण २२० ग्रॅमचा, वर नळी असलेला. हा स्वस्त, सगळीकडे मिळणारा आणि बहुतेक वेळा नुसत्या ब्युटेनचा. दुसरा बुटका घुमटासारखा, वर आटे असलेला, १००, २३० आणि ४५० ग्रॅममध्ये येतो, त्यावर स्टोव्ह फिरवून घट्ट बसवायचा. ह्यात बहुतेक वेळा मिश्रण असतं. बहुतेक म्हणतोय, कारण आटे असलेला आहे म्हणून तो आपोआप थंडीचा होत नाही, डबा फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचा. प्रोपेन २० ते ३० टक्के आणि बाकी आयसोब्युटेन असेल तर उत्तम, प्रोपेन आणि साधा ब्युटेन असेल तर मध्यम, काहीच लिहिलेलं नसेल तर नुसता ब्युटेन समजून चाला. सगळा प्रोपेनच का भरत नाहीत असं तुम्हाला वाटेल, तर त्याचा दाब इतका जास्त असतो की ह्या पातळ पत्र्याच्या डब्याला तो झेपणार नाही, त्याला जाड सिलिंडर लागतो.

मिश्रणाचीही एक खोड आहे. डबा सरळ उभा असताना प्रोपेन आधी उडून जातो कारण त्याला उकळायला सोपं जातं, मागे राहतो तो ब्युटेन. म्हणून नवा डबा पहिल्या रात्री छान पेटतो आणि तोच डबा तिसऱ्या पहाटे, एक तृतीयांश भरलेला असताना, रुसतो. ह्यासाठी हिमालयात मी अर्धवट डबे संध्याकाळी वापरतो, त्यातल्या त्यात ऊब असताना, आणि भरलेला डबा पहाटेसाठी राखून ठेवतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. उंचीवर बाहेरचा हवेचा दाब कमी, त्यामुळे द्रवाला उकळायला सोपं जातं, लेहच्या उंचीवर म्हणजे साडेतीन हजार मीटरला साधारण १० एक डिग्रीची सूट मिळते. पण तिथली थंडी ती सूट सहज खाऊन टाकते, तिच्या भरवशावर राहू नका.

पायरी ३: स्टोव्हचा प्रकार

पहिला प्रकार, डब्यावर सरळ फिरवून बसवायचा छोटा बर्नर. ७०-१०० ग्रॅम वजन, खिशात मावतो, पाचसहाशे रुपयांपासून सुरू. नव्या माणसाने सुरुवात ह्यानेच करावी असं माझं मत आहे, फक्त बर्नरचं तोंड बघून घ्या. काहींचं तोंड वर फुगलेलं किंवा सपाट असतं आणि पातेलं त्याच्या बरंच वर टेकतं, मधली ती मोकळी जागा म्हणजे वाऱ्याला उघडा दरवाजा. त्यापेक्षा वाटीसारखा खोलगट, कडेला उभी किनार असलेला बर्नर आणि पातेल्याचे पाय आखूड, असा घ्या, ज्योत त्या वाटीत दबून राहते आणि वारा तिला सहज उचलू शकत नाही. सोटो विंडमास्टर ह्याच विचाराने बनवलाय. आता अशा आकाराचे स्वस्त बर्नरही मिळतात, दुकानात हातात घेऊन बर्नरच्या तोंडावर बोट फिरवा, खड्डा लागतो का बघा.

ह्यातच प्रेशर रेग्युलेटर असलेले मॉडेल येतात. रेग्युलेटर असला की डब्यातला दाब कमी होत गेला तरी ज्योत बराच वेळ एकसारखी राहते, थंडीत फायदा आहे, पण विक्रेता सांगेल की ह्याने शून्याखाली पण मस्त चालतो तर ते अर्धंच खरं, कारण डब्यात वाफच होत नसेल तर रेग्युलेटर ती कुठून आणणार.

दुसरा प्रकार, स्टोव्ह वेगळा जमिनीवर तीन पायांवर आणि डबा नळीने जोडून बाजूला. मला विचाराल तर वारा आणि थंडी दोन्हीत हा सगळ्यात समजूतदार स्टोव्ह आहे. जमिनीलगत असतो त्यामुळे वारा कमी लागतो, मोठं पातेलं डगमगत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्याभोवती पत्र्याचा आडोसा पूर्ण गोल लावता येतो कारण डबा आगीपासून लांब आहे. ह्यात एक बघून घ्यायचं, बर्नरच्या ज्योतीतून जाणारी पितळेची किंवा तांब्याची बारीक नळी आहे का. ती असेल तर स्टोव्ह पेटवून मिनिटभर तापवायचा आणि मग डबा हळूच उलटा करायचा, म्हणजे वाफेऐवजी द्रवच नळीत जातो, त्या गरम नळीत त्याची वाफ होते आणि जळतो. असं केलं की डब्याला आत वाफ करायची गरजच राहत नाही, प्रोपेन आधी उडून जायची भानगड संपते आणि उणे १५ च्या आसपासही स्टोव्ह चालतो. ती नळी नसलेल्या स्टोव्हवर डबा कधीही उलटा करू नका, द्रव तसाच बर्नरमधून बाहेर येऊन भडका उडतो. फुटभर उंच ज्योत मी बघितली आहे, तंबूच्या जवळ असती तर काय झालं असतं ह्याचा विचार नको वाटतो.

तिसरा प्रकार, बर्नर आणि पातेलं एकमेकांत अडकणारी सिस्टीम, जेटबॉइलसारखी, पातेल्याच्या बुडाला पत्र्याच्या घड्या असतात आणि त्या आच धरून ठेवतात. पाणी पटकन उकळतं, गॅस कमी लागतो. पण ह्यांतल्या सगळ्याच सिस्टीम वाऱ्याच्या नाहीत हे लक्षात घ्या. एमएसआर विंडबर्नरसारख्यांत उघडी ज्योतच नाही, जाळी लाल होऊन तापते, त्यामुळे वारा तिला विझवू शकत नाही. बाकीच्यांत आत साधी ज्योतच असते, जोराच्या वाऱ्यात त्याही विझतात. आणि आपलं खाणं लक्षात घ्या, नुसतं पाणी उकळून पाकिटात ओतायचं असेल तर ह्याच्यासारखं काही नाही, पण खिचडी करायची म्हटलं की उंच अरुंद भांड्यात ती बुडाला लागते, वर कच्ची राहते.

चौथा, लिक्विड फ्युएल, म्हणजे आपला रॉकेलचा पंपाचा स्टोव्हच. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमाराला प्रायमस आला, तोच आमच्या आजीच्या घरी पितळी टाकीचा, पिन मारून फर्र करत पेटणारा स्टोव्ह. आमुंडसेनच्या माणसांनी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर हाच वापरला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमसच होते. कारण सोपं आहे, ह्यात दाब तुम्ही हाताने पंप मारून तयार करता, थंडी कितीही असो दाब मिळतोच. कडाक्याच्या थंडीत आणि बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर आजही ह्याच्यावर माझा भरवसा जास्त आहे. पण नव्या माणसाला मी लगेच घे म्हणणार नाही. आधी बर्नर तापवायला थोडं इंधन खाली जाळावं लागतं, त्यात ज्योत वर येते, हात बसलेला नसेल तर भाजतं. पंपाचं वॉशर कोरडं पडलं तर दाब धरत नाही, त्याला तेलाचा थेंब लागतो, नोझल काजळीने बुजतं. आणि रॉकेल शहरात आता सहज मिळत नाही. पेट्रोलवर चालणारे मल्टिफ्युएल स्टोव्ह आहेत पण आपल्या पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, तुमच्या स्टोव्हच्या रबर सीलला ते चालतं का हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय भरू नका, आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून पेट्रोल नेणं हा प्रकार तर अजिबातच नको.

स्पिरिटचे स्टोव्ह आणि इंधनाच्या पांढऱ्या वड्या हे पटकन सांगून संपवतो. स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने ऊर्जा गॅसच्या अर्ध्याच्या आसपास, गारठ्यात ते काडीने लवकर पेटत नाही, आणि दिवसा त्याची ज्योत दिसत नाही, त्यामुळे पेटलेल्यावरच पुन्हा ओतताना लोक भाजतात. ट्रँजियाचा स्टोव्ह पत्र्याच्या आडोशासकट येतो म्हणून तो वाऱ्यात चांगला टिकतो, तेवढा अपवाद. वड्या इमर्जन्सीला सॅकच्या तळाशी चार ठेवा, त्यावर चौघांचा स्वयंपाक होत नाही.

पायरी ४: पातेलं आणि झाकण

ह्याकडे कुणी बघत नाही. रुंद बुडाचं, बसकं पातेलं घ्या, उंच अरुंद नको, कारण वाऱ्यात ज्योत बाजूला झुकली तरी रुंद बुडाखाली ती राहते. झाकण घट्ट बसणारं पाहिजे, थंड वाऱ्यात उघड्या पातेल्यातून जेवढी ऊब वर निघून जाते ती बघितली तर नवा स्टोव्ह घेण्याऐवजी तुम्ही झाकण घ्याल. दोघांना एक लिटरचं, चौघांना दोन लिटरचं पुरतं.

उंचीवर अजून एक होतं. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक डिग्री कमी तापमानाला उकळायला लागतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरला, ते ९४-९५ डिग्रीला उकळतं, तिथे फरक फारसा जाणवत नाही, पण लेहच्या उंचीवर ८८ च्या आसपास, तिथे डाळ शिजता शिजत नाही, तांदूळ टचटचीत राहतो आणि तुम्ही स्टोव्हला दोष देत बसता. मोठी आच करून उपयोग नाही, उकळतं पाणी त्याहून गरम होतच नाही. दीड-दोन लिटरचा छोटा कुकर नेला तर हा प्रश्न सुटतो, मात्र तो डब्यावर बसणाऱ्या चिमुकल्या बर्नरवर ठेवू नका, वजनाने कलंडतो, तीन पायांचा स्टोव्हच पाहिजे. कुकर नसेल तर डाळ-तांदूळ दुपारपासून भिजत घाला, किंवा सरळ जाडे पोहे, भाजलेल्या रव्याचा उपमा, शेवया असं पटकन होणारं न्या.

पायरी ५: आडोसा, आणि इथेच जीव जाऊ शकतो

वाऱ्यात आडोसा लावला नाही तर दुप्पट-तिप्पट गॅस जातो, हे मी डबे मोजून अनुभवलंय. सगळ्यात चांगला आडोसा फुकट मिळतो, तटबंदी, मोठा दगड, ओढ्याचा उतार, वाऱ्याच्या बाजूला उभ्या केलेल्या सॅका (आगीपासून हातभर लांब). जागा निवडताना मूठभर सुकं गवत वर उडवून वारा कुठून येतोय ते बघा, गडावर तो संध्याकाळी एकीकडून आणि पहाटे दुसरीकडून येऊ शकतो.

पत्र्याचा घडीचा आडोसा विकत मिळतो. आता हे नीट ऐका. डब्यावर सरळ बसणाऱ्या स्टोव्हभोवती तो पूर्ण गोल कधीही लावायचा नाही. आतली आच परत डब्यावर पडते, डबा तापतो, दाब वाढत जातो आणि डबा फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूने अर्धगोल, फारतर त्याहून थोडा जास्त, समोरची बाजू मोकळी, आणि दर दोन-तीन मिनिटांनी डब्याला हात लावायचा. गार किंवा कोमट असेल तर ठीक, हाताला गरम लागला की आडोसा काढा आणि स्टोव्ह बंद करा. डबा बाजूला असलेल्या स्टोव्हला पूर्ण गोल चालतो, तेव्हाच तर मी वर त्याची एवढी बाजू घेतली.

आणि तंबू. बाहेर वारा सुटलाय, थंडी आहे, स्टोव्ह आत घेऊ, चेन लावू, थोडी ऊबही येईल, असं प्रत्येकाच्या मनात येतं. नका करू. तंबूचं कापड काही सेकंदांत पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो ज्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं जड होतं, मग झोप येते आणि माणूस उठत नाही. कुणालाच कळत नाही की काही बिघडलंय. गुहेत किंवा दगडी देवळाच्या खोलीत पण तेच, दार उघडं आणि हवा खेळती पाहिजे. तंबूच्या पुढच्या पडवीत करणारे अनुभवी लोक आहेत, तुम्ही नवे आहात तर बाहेरच करा, गार खा पण बाहेरच करा.

आपल्याकडे अजून एक धोका, सुकं गवत. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत पिवळं पडायला लागतं आणि मार्चपर्यंत एक ठिणगी पुरते. स्टोव्हच्या चारी बाजूंनी दोन हात जागा साफ करा, सपाट दगडावर ठेवा, बाजूला पाण्याची भरलेली बाटली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, अशा ठिकाणी जायच्या आधी स्टोव्ह पेटवायला परवानगी आहे का हे वनखात्याच्या चौकीवर विचारूनच घ्या, नसेल तर पायथ्याच्या गावात जेवण सांगा आणि थर्मासमध्ये चहा भरून न्या.

पायरी ६: थंडीत डबा जागा ठेवायच्या युक्त्या

रात्री डबा मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या, स्टोव्ह काढून, झाकण लावून. सकाळी पेटवायच्या आधी १० मिनिटं जॅकेटच्या आत धरा. डबा थेट बर्फावर किंवा गार दगडावर ठेवू नका, खाली बसायच्या मॅटचा तुकडा घाला. आणि सगळ्यात कामाची युक्ती, पसरट ताटलीत बोटभर पाणी घेऊन डबा त्यात उभा करा, साधं पाणी, ओढ्यातलंही चालेल. बाहेर उणे १० असलं तरी पाणी जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत ते शून्याच्या वर आहे, म्हणजे हवेपेक्षा १० डिग्री गरम. स्टोव्हवरच्या पातेल्यातलं पाणी कोमट झालं की त्यातलं कपभर ताटलीत ओता, ज्योत डोळ्यांदेखत वाढते. कोमटच, कढत नाही. आणि डबा दुसऱ्या ज्योतीवर धरून गरम करणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यापासून लांब राहा.

स्टोव्हच्या खटक्याच्या ठिणगीवर विसंबू नका, उंचीवर आणि दमटपणात ती सगळ्यात आधी दगा देते. एक लायटर खिशात अंगाच्या उबेला, एक काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पायरी ७: घेतल्यावर गच्चीवर परीक्षा

हे जरूर करा, अर्धा तास लागतो. गच्चीवर शांत हवेत अर्धा लिटर पाणी झाकण लावून उकळवा, आधी आणि नंतर गॅसचा डबा किचनच्या वजनकाट्यावर तोला. ६ ते ८ ग्रॅम गेला असेल तर छान. मग टेबल फॅन दोन मीटरवर ठेवून तेच परत करा. मग आडोसा लावून परत. मग ज्योत मध्यम ठेवून परत, कारण वाऱ्यात ज्योत पूर्ण मोठी केली की ती बुडाबाहेर पसरून फुकट जाते, मध्यम ज्योतीवर बऱ्याचदा कमी गॅसमध्ये पाणी उकळतं. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा तुम्हाला ते उपयोगी पडतील कारण तो तुमचा स्टोव्ह आणि तुमचं पातेलं आहे.

त्यावरून हिशोब असा करायचा. शांत हवेत लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम धरा. दोघांचा एक मुक्काम, संध्याकाळचा चहा, खिचडी, सकाळचा चहा-पोहे, म्हणजे तीन लिटर उकळण्याएवढं काम, ४५ ग्रॅम. वाऱ्यासाठी दुप्पट, ९० ग्रॅम. म्हणजे दोघांना दोन रात्री २३० ग्रॅमचा एक डबा पुरतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हिशोबच बदलतो, नुसता बर्फ वितळवायला जेवढी ऊर्जा लागते ती शून्य डिग्रीचं पाणी ८० डिग्रीपर्यंत नेण्याएवढी आहे, त्यामुळे लिटरला ३० ते ३५ ग्रॅम आणि वर वाऱ्याचं वेगळं. आणि पातेल्यात नुसता बर्फ टाकू नका, तळाशी आधी थोडं पाणी असू द्या, नाहीतर बूड करपतं.

नेताना आणि आणताना

गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. रेल्वेतही नाही, रेल्वे कायद्याच्या १६४ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गाडीच्या भरलेल्या डब्यात आपल्याबरोबर शंभर माणसं झोपलेली असतात. पुण्या-मुंबईहून हिमालयात जाताना फक्त स्टोव्ह न्या आणि डबा तिकडे घ्या, मनाली, लेहला ट्रेकिंगच्या दुकानांत आट्यांचे डबे मिळतात. म्हणूनही आट्यांचाच स्टोव्ह घ्या म्हणतो. लांबुळक्या डब्यासाठी अ‍ॅडॅप्टर येतो, तो सोबत असला तर अडीअडचणीला दुसरा डबा चालवता येतो, पण हा डबा आडवा ठेवायचा असतो आणि त्याच्या कडेची खाच वरच्या बाजूला पाहिजे, नाहीतर द्रव बाहेर येतो. डबा घेतल्यावर दुकानातच स्टोव्ह बसवून कानाशी धरा, नॉब बंद असताना सूं असा आवाज येत असेल तर आट्यातलं रबरी वॉशर बघा, एक जादा वॉशर नेहमी सोबत ठेवा.

संपलेला डबा खाली घेऊन यायचा. हरिश्चंद्रगडाच्या ओढ्यात मी असे डबे गोळा केलेत, गंजलेले, कडा धारदार झालेल्या, गुरं त्याच ओढ्यावर पाणी प्यायला येतात. घरी आणल्यावर मोकळ्या हवेत स्टोव्हला लावून उरलेला गॅस ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळून टाका, मग जवळपास कुठेही आग नाही हे बघून डब्याला भोक पाडा, आणि मगच भंगारवाल्याला द्या, त्याला सांगून की हा गॅसचा आहे, रिकामा केलाय.